तक्त्यातली कोरी जागा

राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने एका तालुक्याच्या गावी, तिथल्या माध्यमिक शाळेत आम्हाला बोलावले होते. प्रयोगशाळेच्या भिंतीवर मुलांनी केलेले तक्ते ओळीने लावले होते. त्यांतल्या एका तक्त्यापुढे आम्ही बराच वेळ थांबलो. शीर्षक होते, 'आपल्या शरीराचे सैनिक'. डावीकडे पांढऱ्या पेशींची रांग, प्रत्येकीच्या डोक्यावर शिरस्त्राण आणि हातात भाला. उजवीकडे कर्करोगाची पेशी, जांभळ्या रंगाची, शिंगे असलेली, दात विचकलेली. मधे कोरा पांढरा पुठ्ठा. चित्र सुबक होते आणि मेहनतही दिसत होती.

ज्या मुलींनी तो केला होता त्यांच्यातल्याच एकीने विचारले, "इतके सैनिक असताना हा राक्षस मोठा होतोच कसा?" शेजारी उभ्या असलेल्या शिक्षकांनी लगेच उत्तर दिले, "प्रतिकारशक्ती कमी पडली की होतो." आम्ही मान डोलावली आणि पुढच्या तक्त्याकडे वळलो.

कार्यक्रम संपल्यावर चहाच्या वेळी त्याच शाळेतल्या एक बाई आमच्याजवळ येऊन बसल्या. त्यांच्या भावाला तोंडाचा कर्करोग झाला होता, उपचार चालू होते. घरात गुळवेलीचा काढा, कुठलीशी भुकटी, महागडे डबे, सगळे सुरू होते. "त्याची प्रतिकारशक्तीच कमी, असं सगळे म्हणतात. लहानपणापासून किडकिडीतच तो," त्या म्हणाल्या. या वाक्यात काळजी होती तशीच थोडी तक्रारही होती, भावाबद्दलची. जणू त्याने शरीर नीट राखले नाही, त्याच्या अंगातले सैनिक कमी पडले. त्यावर आम्ही काहीतरी गुळमुळीत बोललो. खरे तर त्या मुलीचा प्रश्न आणि बाईंची तक्रार यांचे मूळ एकच होते, आणि आमच्या मान डोलावण्याने ते आणखी घट्ट झाले होते. तेव्हा जे बोलायला हवे होते ते इथे लिहीत आहोत. निमित्त त्या तक्त्याचे आहे. पण तोच तक्ता थोड्याफार फरकाने असंख्य पुस्तकांत, मासिकांत आणि जाहिरातींत सापडतो, आणि आमच्यासारख्यांच्या व्याख्यानांतही.

प्रथम तक्त्याची बाजू मांडली पाहिजे. तो अगदीच खोटा नाही. मूत्रपिंडाचे रोपण झालेल्या रुग्णांना नवे मूत्रपिंड नाकारले जाऊ नये म्हणून प्रतिकार दडपणारी औषधे वर्षानुवर्षे घ्यावी लागतात. अशा लोकांत त्वचेचे काही कर्करोग आणि लसीका-पेशींचे कर्करोग इतरांपेक्षा कितीतरी अधिक आढळतात. एड्सच्या रुग्णांतही काही विशिष्ट कर्करोग वाढलेले दिसले होते. म्हणजे पहारा असतो, आणि तो उठला तर काही चोर आत शिरतात, हे खरे. पण याच रोपण झालेल्या रुग्णांत स्तनाचा किंवा प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग तसा वाढलेला दिसत नाही. नुसता पहारा ढिला पडणे हेच कारण असते, तर सगळेच कर्करोग सारख्या प्रमाणात वाढायला हवे होते.

आता कर्करोगाच्या गाठीचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पाहू. पहिल्यांदाच पाहणाऱ्याची हमखास फसगत होते, कारण गाठीत केवळ कर्कपेशी असतील अशी त्याची अपेक्षा असते. प्रत्यक्षात तिथे एक गजबजलेली वस्तीच दिसते. कर्कपेशी आहेतच; शिवाय वेड्यावाकड्या, गळक्या रक्तवाहिन्या आहेत, कोलॅजेन नावाच्या चिवट प्रथिनाचे दोरखंड आहेत, ते दोरखंड वळणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशी आहेत, आणि तक्त्यातले ते सैनिकही आहेत, कित्येकदा शेकड्यांनी. स्वादुपिंडाच्या कर्करोगात तर कर्कपेशी अल्पसंख्य आणि बाकीचा पसाराच बहुसंख्य असतो. गाठीत पांढऱ्या पेशी असतात ही गोष्ट जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ व्हिर्शो यांनी १८६३ सालीच नोंदवली होती. तेव्हा मुलीच्या प्रश्नाला 'सैनिक कमी पडले' हे उत्तर निदान पुष्कळ गाठींच्या बाबतीत लागू पडत नाही. सैनिक घटनास्थळी हजर आहेत. ते करतात काय, असे विचारायला हवे.

त्यांच्यातल्या महाभक्षक पेशींचेच पाहा. तक्त्यात या जंतू गिळणाऱ्या शूर पेशी म्हणून दाखवल्या जातात, आणि जंतूंच्या बाबतीत ते बरोबरही आहे. परंतु त्यांचे दुसरेही एक काम असते. हाताला कापले की पहिल्या दिवशी या पेशी जंतू व मेलेल्या पेशी गिळतात. नंतरच्या दिवसांत मात्र त्यांची कामगिरी बदलते. त्या नव्या रक्तवाहिन्या फुटाव्यात, फायब्रोब्लास्टनी भराव घालावा, त्वचेच्या पेशींनी वाढून जखम झाकावी यासाठी रासायनिक निरोप पाठवू लागतात. शिवाय जे मारेकरी टी-पेशींचे पथक आले असेल त्याला आवरतात, नाहीतर भरत आलेल्या नव्या ऊतीचीच नासधूस व्हायची. कालचा शिपाई आज गवंडी होतो. त्याने कोणते काम करायचे हे आसपासच्या रसायनांवर ठरते.

हार्वर्डचे विकृतिशास्त्रज्ञ हॅरॉल्ड ड्वोरॅक यांनी १९८६ साली एका लेखात असे मांडले की, कर्करोगाची गाठ ही कधीच न भरणाऱ्या जखमेसारखी असते. आमच्या मते या विषयात एवढी नेमकी उपमा दुसरी झालेली नाही. गाठ शरीराला सतत 'इथे जखम आहे, दुरुस्ती करा' असा निरोप देत राहते. शरीर आज्ञाधारकपणे रक्तवाहिन्या, भराव आणि गवंडी पाठवत राहते. त्या सर्वांचा उपयोग कर्कपेशींना होतो. शरीराची दुबळी बाजू इथे दिसत नाही. जखम भरण्याचे जे अत्यंत कार्यक्षम तंत्र आपल्याजवळ आहे तेच चुकीच्या जागी राबत असते. महाभक्षक पेशींची खूप गर्दी असलेल्या गाठी पुष्कळ प्रकारच्या कर्करोगांत अधिक वाईट ठरतात, हे यावरून समजू शकेल.

टी-पेशींची अडचण वेगळी आहे. कर्कपेशीला ओळखून मारण्याची कुवत त्यांच्यात खरोखर असते. पण गाठीच्या आतले हवामान त्यांना मानवत नाही. रक्तवाहिन्या गळक्या असल्याने आत दाब वाढलेला असतो, प्राणवायू तुटपुंजा असतो. कर्कपेशी ग्लुकोज अधाशासारखी वापरतात आणि लॅक्टिक आम्ल बाहेर टाकतात. त्यामुळे टी-पेशीला साखर अपुरी आणि भोवताल आंबट अशी दुहेरी उपासमार होते. त्यात नियामक टी-पेशी असतात, ज्यांचे कामच इतर टी-पेशींना आवरणे हे आहे. या पेशी नसतील तर प्रतिकार यंत्रणा आपल्याच अवयवांवर उलटते. त्यांच्या शोधाबद्दलच ब्रंकाव, रॅम्सडेल आणि साकागुची यांना २०२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. गाठ या शांतिरक्षकांनाही आपल्या आश्रयाला बोलावून घेते.

सर्वांत महत्त्वाचा आहे तो ब्रेक. टी-पेशीच्या पृष्ठभागावर पीडी-१ नावाचे एक प्रथिन असते. १९९२ साली क्योटो विद्यापीठात तासुकु होन्जो यांच्या प्रयोगशाळेत ते सापडले. समोरच्या पेशीवर त्याची जोडीदार, म्हणजे पीडी-एल-१, असली आणि दोघांची गाठ पडली की टी-पेशी थबकते. निरोगी ऊतीही या ब्रेकचा वापर करतात, कारण त्यांनाही आपले रक्षण करायचे असते. गाठीतल्या कर्कपेशी व महाभक्षक पेशी हेच प्रथिन मिरवतात आणि टी-पेशी समोर येऊनही उभ्याच राहतात. सीटीएलए-४ हा असाच दुसरा ब्रेक. तो प्रतिपिंडाने अडवला तर उंदरांतल्या गाठी विरघळतात हे जेम्स अ‍ॅलिसन यांनी १९९६ साली दाखवले. या ब्रेकवरचे पहिले औषध २०११ साली अमेरिकेत मान्य झाले, पीडी-१ वरची औषधे २०१४ पासून आली, आणि २०१८ चे नोबेल अ‍ॅलिसन व होन्जो यांना मिळाले. शरीरभर पसरलेल्या मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगात पूर्वी फार थोडे रुग्ण काही वर्षे जगत. दोन्ही ब्रेक अडवणारी औषधे मिळालेल्या रुग्णांपैकी ४३ टक्के दहा वर्षांनंतर हयात होते, असे २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत दिसले. याच औषधांचा स्वादुपिंडाच्या नेहमीच्या कर्करोगावर मात्र जवळजवळ काहीच परिणाम होत नाही. औषध तेच, टी-पेशीही त्याच जातीच्या. फरक आहे तो मुख्यतः वस्तीचा.

या वस्तीचा नकाशा काढण्याचे काम फ्रान्समध्ये जेरोम गालों यांनी मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर केले. २००६ साली त्यांच्या गटाने दाखवले की कोणत्या जातीच्या प्रतिकारपेशी, किती दाटीने आणि गाठीच्या नेमक्या कोणत्या भागात आहेत यावरून रुग्णाचे भवितव्य नेहमीच्या टप्पे पाडण्याच्या पद्धतीपेक्षाही चांगले सांगता येते. कोणत्या भागात, या शब्दांकडे शिक्षकांनी लक्ष द्यावे. काही गाठींत टी-पेशी कर्कपेशींमध्ये मिसळलेल्या असतात. काहींत त्या कोलॅजेनच्या कुंपणाबाहेर ताटकळत असतात. काहींत त्या फिरकलेल्याच नसतात. या तिन्ही रुग्णांच्या रक्ताची तपासणी केली तर पांढऱ्या पेशींची संख्या अगदी सारखी निघू शकेल.

म्हणून त्या तक्त्यावरचा आमचा मुख्य आक्षेप राक्षसाच्या शिंगांवर नाही. मुलांना शिंगे काढायला आवडतात, काढू द्यावीत. आक्षेप आहे तो मधल्या कोऱ्या पुठ्ठ्यावर. ज्या जागी सगळे ठरते ती जागाच चित्रात नाही.

पण हा दोष एकट्या शाळेच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. संशोधकांनीही ही जागा कित्येक दशके कोरीच ठेवली. लंडनचे शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी १८८९ साली स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. रोग यकृतात वारंवार पसरतो, पण प्लीहेला भरपूर रक्तपुरवठा असूनही तिथे क्वचितच रुजतो, असे त्यांना दिसले. बी सगळीकडे उडते पण मानवेल त्याच जमिनीत उगवते, असे त्यांनी म्हटले. शेतकऱ्याच्या मुलाला हे पटवून द्यावे लागत नाही. तरीही पुढे ही कल्पना बरीच वर्षे अडगळीत पडली.

याहून नाट्यमय गोष्ट कोंबडीच्या पिलांची आहे. पेटन राउस यांनी १९११ साली कोंबड्यांत कर्करोग उत्पन्न करणारा विषाणू दाखवला. त्या विषाणूतल्या 'सार्क' या जनुकाचे मूळ निरोगी पेशीतच असते हे बिशप आणि व्हार्मस यांनी १९७६ साली सिद्ध केले, त्यांना १९८९ साली नोबेल मिळाले, आणि 'कर्करोग म्हणजे बिघडलेले जनुक' हे सूत्र पक्के झाले. ते सूत्र चूक नाही. पण मधेच, १९८४ साली, अमेरिकेत बर्कली येथे मीना बिसेल आणि डेव्हिड डॉलबर्ग यांनी तोच विषाणू अंड्यातल्या गर्भाला टोचला. विषाणू पेशींत शिरला, त्याचे जनुक कामालाही लागले, पण गाठ झाली नाही. त्याच गर्भाच्या पेशी सुट्या करून काचेच्या बशीत वाढवल्या तेव्हा मात्र त्यांनी कर्कपेशींचे रूप घेतले. जनुक दोन्हीकडे तेच होते. पुढे याच प्रयोगशाळेत असे दिसले की विषाणू टोचलेल्या पिलाला दुसऱ्या जागी जखम केली तर त्या जखमेपाशी गाठ उगवते, आणि त्यात टीजीएफ-बीटा नावाच्या, जखम भरून आणणाऱ्या एका प्रथिनाचा हात असतो. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे ते पुन्हा येणार आहे.

सिद्धार्थ मुखर्जी यांचे 'द एम्परर ऑफ ऑल मॅलडीज' हे २०१० सालचे पुस्तक आम्ही अनेक शिक्षकांना वाचायला दिले आहे आणि यापुढेही देऊ. पण उपशीर्षकातच त्यांनी त्याला कर्करोगाचे चरित्र म्हटले आहे. चरित्र म्हटले की नायक एकटा येतो. त्या ग्रंथाच्या केंद्रस्थानी पेशी आणि जनुक आहेत, भोवताल मागच्या पडद्यासारखा आहे. ब्रेकवरची पहिली औषधे बाजारात येण्याच्या उंबरठ्यावर हे पुस्तक लिहिले गेले, हे ध्यानात घेऊनही ही उणीव जाणवते.

आता आपल्या घराजवळ येऊ. ज्या बाईंच्या भावाचा उल्लेख वर आला, तो वर्षानुवर्षे सुपारी खात असे. सुपारीतले अल्कलॉइड गालाच्या आतल्या अस्तराखालच्या फायब्रोब्लास्टना कोलॅजेन बनवायला उद्युक्त करते. सुपारीत तांबेही बरेच असते, आणि कोलॅजेनचे धागे एकमेकांना जखडणारे विकर तांब्यावरच चालते. टीजीएफ-बीटा येथेही वाढलेले असते. हळूहळू गाल आतून पांढुरका, ताठ होतो, तिखट लागले की आग होते, तोंड पूर्ण उघडेनासे होते. शिक्षकांनी अशी मुले पाहिली असतील: वडापाव तोंडात नीट जात नाही, शिट्टी वाजवता येत नाही. या विकाराला वैद्यकात मुखाचा उपश्लेष्म तंतुमयता असे जड नाव आहे, आणि त्यातल्या काही रुग्णांना पुढे कर्करोग होतो. सुपारी स्वतःच, तंबाखू नसली तरी, कर्करोगकारक आहे असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००३ साली ठरवले. महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी २०१२ साली आली. साधी सुपारी आजही घरोघरी पानाच्या डब्यात असते. इथे बी पडण्याच्या आधी कित्येक वर्षे जमीनच पालटत असते. त्या मुलाच्या अंगात सैनिक कमी असतात असे म्हणायला काहीही आधार नाही. वडाच्या पारंब्यांसारखे कोलॅजेन जिथे दाटले आहे, त्या ऊतीतच सगळे घडते आहे.

मुंबईत झालेली दोन कामेही इथे सांगितली पाहिजेत. टाटा स्मारक रुग्णालयाने डोके व मान यांच्या पुढच्या अवस्थेतल्या कर्करोगावर एक चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २०२३ च्या 'जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी'त छापले आहेत. १५१ रुग्ण होते. सर्वांना तोंडाने घ्यायची तीन स्वस्त औषधे थोड्या मात्रेत रोज किंवा आठवड्याला दिली. त्यांपैकी एक दाह कमी करणारे होते. निम्म्यांना त्याशिवाय पीडी-१ चा ब्रेक अडवणारे निवोलुमॅब तीन आठवड्यांतून एकदा फक्त २० मिलिग्रॅम दिले. पाश्चात्त्य देशांत याची प्रचलित मात्रा दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम आहे. नुसत्या तीन औषधांच्या गटात वर्षाअखेर १६.३ टक्के रुग्ण हयात होते, निवोलुमॅब मिळालेल्या गटात ४३.४ टक्के. इतक्या कमी औषधाने काम कसे भागले? कारण हे औषध शक्ती भरणारे टॉनिक नाही. ते ब्रेकच्या खाचेत बसणारी पाचर आहे. खाच भरली की आणखी पाचरी ओतून उपयोग नसतो. आमच्या गरीब रुग्णांच्या दृष्टीने या एका मुद्द्याची किंमत लाखो रुपयांत मोजावी लागेल. पूर्ण मात्रेशी समोरासमोर तुलना मात्र या चाचणीत नव्हती, हेही सांगायला हवे.

दुसरे काम मुंबईच्या आयआयटीचे आणि टाटा स्मारकाचे. रुग्णाच्या टी-पेशी बाहेर काढून, त्यांना कर्कपेशी ओळखणारे कृत्रिम प्रथिन बसवून परत सोडायच्या, अशी ही उपचारपद्धती. 'नेक्सकार-१९' या नावाने तिला भारतात २०२३ साली मान्यता मिळाली. रक्त व लसीका-पेशींच्या काही कर्करोगांत ती पद्धत खरोखर गुणकारी आहे. परंतु फुप्फुस, आतडे किंवा तोंड यांच्या घट्ट गाठींवर अशा पेशी जगभर कुठेही त्या तोडीचे यश दाखवू शकलेल्या नाहीत. घट्ट गाठीत सर्व कर्कपेशींवर सारखे निशाण सापडत नाही ही एक अडचण आहे. दुसरी अशी की सैनिक मुद्दाम घडवले, तरी ते शेवटी त्या आंबट, दाबलेल्या, कुंपण घातलेल्या वस्तीतच जाऊन पडतात.

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग ही वस्तीच उद्ध्वस्त करावी. शास्त्रज्ञांनाही तसेच वाटले होते, आणि इथे आमच्या मंडळींचेही परीक्षण केले पाहिजे. स्वादुपिंडाच्या कर्करोगात कोलॅजेनच्या भिंतीमुळे औषध आत पोचत नाही. ती भिंत बांधणारा संदेश एका औषधाने तोडला तर उंदरांत इतर औषधांचा गुण वाढतो, असे २००९ साली दिसले. मोठी आशा निर्माण झाली. पण माणसांवरची चाचणी २०१२ च्या आरंभी थांबवावी लागली, कारण औषध मिळालेले रुग्ण उलट अधिक लवकर दगावत होते. २०१४ साली दोन गटांनी उंदरांतच दाखवले की फायब्रोब्लास्टांचा भराव काढून टाकला तर गाठ अधिक आक्रमक होते. म्हणजे ते कुंपण औषधाला अडवत होते तसे काही प्रमाणात रोगालाही आवरत होते. त्याच प्रकारे, टी-पेशींच्या उपासमारीत भर घालणाऱ्या एका विकरावरचे औषध २०१८ साली मेलॅनोमाच्या मोठ्या चाचणीत निष्फळ ठरले, आणि टीजीएफ-बीटा व पीडी-एल-१ दोन्हींना एकदम अडवणारे औषध २०२१ साली फुप्फुसाच्या कर्करोगात. शेजाऱ्यांनाच नवा राक्षस बनवून त्यांच्याही डोक्यावर शिंगे काढली, तर आपण जुनीच चूक नव्या रंगात करू. महाभक्षक पेशी, फायब्रोब्लास्ट, नियामक टी-पेशी, यांतली कोणतीही शत्रूची हस्तक नाही. प्रत्येक जण आपापले रोजचे काम करते आहे.

आता त्या 'शक्ती' या शब्दाकडे येतो. रोगप्रतिकारशक्ती हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की त्याच्याविरुद्ध बोलणे वेडेपणाचे वाटेल. पण शक्ती म्हटली की ती कमी असते, जास्त असते, वाढवता येते, डब्यात भरून विकता येते. करोनाच्या साथीत, २०२० साली, हा बाजार आपण सर्वांनी पाहिला आहे. प्रत्यक्षात 'जास्त प्रतिकार' म्हणजे काय असते ते पाहायचे असेल तर ब्रेक काढणारी औषधे घेतलेल्या काही रुग्णांकडे पाहावे. त्यांच्या टी-पेशी मोकळ्या सुटून आतड्याला, थायरॉइडला, यकृताला, कधी फुप्फुसाला डसतात, आणि डॉक्टरांना घाईने प्रतिकार दडपणारी स्टेरॉइडे द्यावी लागतात. सरसकट वाढवावी अशी ती वस्तूच नाही. उपचारांच्या काळात पोटभर प्रथिनयुक्त आहार, स्वच्छता आणि झोप यांची गरज असते, ती वेगळी गोष्ट. त्याला काढ्याचा डबा पर्याय नाही. इतकेच काय, त्यांतले काही पदार्थ यकृताला त्रास देऊन चालू उपचारात व्यत्यय आणू शकतात, म्हणून जे काही घ्यायचे ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सांगूनच घ्यावे. शास्त्रीय परिभाषेत 'प्रतिरक्षा' हा शब्द आहे. तो जड वाटला तर 'रोगप्रतिकार यंत्रणा' म्हणावे. यंत्रणा म्हटले की ती कुठे, कोणाच्या हुकुमाने, कोणत्या कामाला लागली आहे, असे प्रश्न आपोआप सुचतात.

शाळेला आम्ही पत्र लिहिले. तक्ता काढू नये, मधली जागा मात्र भरावी, अशी सूचना केली: रक्तवाहिन्या, कोलॅजेनचे दोर, शिपायाचा गवंडी झालेली महाभक्षक पेशी, आणि पीडी-१ च्या ब्रेकवर पाय ठेवून उभी असलेली टी-पेशी. पुठ्ठा दुप्पट मोठा लागेल, हेही कळवले. बाईंना वेगळे लिहिले. भावाच्या किडकिडीत असण्याचा या रोगाशी संबंध लावू नये, त्याच्या शरीराने काही कसूर केलेली नाही, आणि डब्यांवर जाणारे पैसे त्याच्या अंडी-दुधावर आणि रुग्णालयाच्या फेऱ्यांवर खर्च करावेत, असे.

त्या मुलीचे उत्तर महिन्याभराने आले. तिला जखमेची गोष्ट पटली होती, पण एक शंका होती: हाताची जखम भरली की त्या गवंडी पेशींना 'आता पुरे' हे कोण सांगते? यावर बरेच काम झाले आहे आणि बरेच व्हायचे आहे. तिला काय लिहायचे ते आम्ही अजून जुळवत आहोत.